ऑस्ट्रेलियन बाभूळ : एका वृक्षाचे वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र

बंगळुरू शहरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडले, की रस्त्याच्या कडेला, तलावाच्या बांधावर, शाळेच्या आवारात किंवा वन विभागाच्या फलकामागे एक सदाहरित वृक्ष हमखास दिसतो. पाने कोयत्यासारखी वाकलेली, फुले पिवळी, खोड बहुधा थोडे वाकडे आणि तळाशी वाळक्या पानांचा जाड थर. शिवमोग्गा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांत त्याची सलग लागवड आहे. बेळगाव, गोवा आणि कोकणातही तो सर्वत्र आढळतो. मराठीत त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, कन्नडमध्ये लोक नुसते 'अकेशिया' म्हणतात. शास्त्रीय नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस.

विकासाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने एका झाडाची पाने, शेंगा आणि बिया का तपासाव्यात, असा प्रश्न येथे पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या वृक्षाबाबत गेली चार दशके जो वाद कर्नाटकात चालू आहे, त्यातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा वृक्षाच्या शरीररचनेत सापडतो. गुरे त्याची पाने खात नाहीत. या एका गुणामुळे वन विभागाचा राखणीचा खर्च वाचला आणि लागवड यशस्वी झाली. याच गुणामुळे गायरानावर गुरे चारणाऱ्या कुटुंबाचा चारा गेला. गुण एकच, तो जमेच्या बाजूला लिहायचा की खर्चाच्या, हे हिशेब कोणाच्या वहीत मांडला जातो यावर ठरते. पर्यावरण, सामाजिक वनीकरण, सामूहिक संसाधने आणि बाह्य परिणाम हे चार घटक अभ्यासक्रमात वेगवेगळे शिकवले जातात. येथे ते एकत्र येतात.

नावाचा घोळ

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात जिला वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणतात, ती काटेरी वनस्पती म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. ती अमेरिका खंडातून आली. प्रस्तुत वृक्ष तिच्याहून वेगळा असून त्याला काटे नसतात.

ऑस्ट्रेलियात या गटातील झाडांना 'वॉटल' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ कोकणातील वाचकाला चटकन समजेल : वॉटल म्हणजे कूड. ब्रिटनमधून गेलेल्या वसाहतकारांनी लवचीक फांद्या विणून, त्यावर माती लिंपून कुडाच्या भिंती उभ्या केल्या. त्या फांद्या ज्या झाडांच्या होत्या, त्या झाडांनाच पुढे कुडाचे नाव चिकटले. वॉटलच्या सुमारे एक हजार जाती असून त्यांपैकी बहुसंख्य ऑस्ट्रेलियातील आहेत. त्यांतील अकेशिया पिक्नान्था या जातीचे सोनेरी फूल १ सप्टेंबर १९८८ रोजी त्या देशाचे राष्ट्रीय पुष्पचिन्ह म्हणून घोषित झाले.

अकेशिया हे नाव मात्र मुळात आपल्या बाभळीच्या गोत्राचे. काटा या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि देशी बाभूळ, खैर हे काटेरी वृक्ष दीर्घकाळ याच प्रजातीत मोडत होते. या मोठ्या प्रजातीचे विभाजन करावे लागेल, हे संशोधनातून स्पष्ट झाल्यावर मूळ नाव कोणत्या गटाकडे ठेवायचे असा पेच निर्माण झाला. २००५ मध्ये व्हिएन्ना आणि २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदांमध्ये ते ऑस्ट्रेलियन गटाकडे गेले. जाती तेथे सर्वाधिक असल्याने कमी नावे बदलावी लागतील, हा युक्तिवाद होता. परिणामी आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगालिया कॅटेचू झाला, आणि ज्याला काटाच नाही तो वृक्ष अकेशिया राहिला. जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि वन विभागाच्या कागदपत्रांत जुनी नावेच आहेत. विद्यार्थ्यांनी दोन्ही लक्षात ठेवावीत.

देठाचे झालेले पान

या वृक्षाचे मूळ स्थान म्हणजे ऑस्ट्रेलियाचा उष्ण उत्तर भाग, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाचा लगतचा प्रदेश. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. कूळ शेंगवर्गीय, म्हणजे तूर, हरभरा, चिंच आणि बाभूळ यांचे. अनुकूल ठिकाणी त्याची उंची १५ ते ३० मीटरपर्यंत जाते.

त्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य असे की, ज्याला आपण पान म्हणतो ते खरे पान नव्हे. रोपवाटिकेत बी रुजल्यानंतर आरंभीची पाने बाभळीसारखीच बारीक पर्णिकांची, संयुक्त असतात. थोड्याच दिवसांत नव्या पानांचा देठ चपटा होऊ लागतो आणि त्याच्या टोकाशी पर्णिका कशाबशा लटकलेल्या दिसतात. पुढे पर्णिका येणेच थांबते आणि रुंदावलेला देठ पानाचे सर्व काम करू लागतो. त्याला फिलोड, मराठीत वृंतपर्ण म्हणतात. एकाच रोपावर खालून वर पाहत गेल्यास ही सर्व स्थित्यंतरे क्रमाने दिसतात. ज्यांच्या गावाजवळ रोपवाटिका आहे त्यांनी ती अवश्य पाहावीत, कारण आकृतीपेक्षा रोप अधिक शिकवते.

पूर्ण वाढलेले वृंतपर्ण साधारण १० ते २० सेंटिमीटर लांब, जाडसर, विळ्यासारखे वाकलेले असून त्यावर तीन किंवा अधिक ठळक शिरा जवळजवळ समांतर धावतात. त्याच्या बुडाशी मधुरस स्रवणारी एक बारीक ग्रंथी असते आणि तेथे मुंग्या येतात. नाजूक पर्णिकांपेक्षा हा जाड, लोंबता पृष्ठभाग कोरड्या ऋतूत तग धरण्यास सोयीचा असतो. जनावरांना मात्र तो रुचत नाही. गळून पडल्यावरही तो सावकाश कुजतो. एका पानाच्या रचनेतून निघालेल्या या तीन गोष्टी, म्हणजे तग धरणे, चारा न होणे आणि कुजण्यास वेळ लागणे, पुढील विवेचनात पुन्हा पुन्हा येणार आहेत.

फुले अतिशय लहान व पिवळी असतात. ती सुमारे ८ सेंटिमीटरपर्यंत लांबीच्या कणिशांत दाटीने येतात. प्रत्येक फुलात पुंकेसर पुष्कळ. शेंग आरंभी सरळ आणि चपटी असते, पक्व होताना पीळ घेत काष्ठमय होते आणि अखेरीस कानाच्या पाळीसारखी दिसते. ऑरिक्युलिफॉर्मिस या नावाचा अर्थच कानाच्या आकाराची. शेंग उकलली की चकचकीत काळ्या बिया नारिंगी-पिवळ्या धाग्यांना लोंबकळताना दिसतात. हा रंगीत धागा पक्ष्यांना आकर्षित करतो आणि बी दूर जाते. एका किलोत पन्नास हजारांहून अधिक बिया मावतात. कवच इतके टणक की, पेरणीपूर्वी बियांवर उकळते पाणी ओतून त्या भिजत ठेवाव्या लागतात. निसर्गात ती मातीत दीर्घकाळ पडून राहू शकतात.

मुळांवरील गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, शिवाय मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीमुळे स्फुरदही मिळते. त्यामुळे अत्यंत निकृष्ट जमिनीत हा वृक्ष उभा राहतो. जमिनीचा सामू ३ इतका आम्लधर्मी असो वा ९ इतका विम्लधर्मी, त्याला चालतो. चांगल्या जमिनीत वर्षाला हेक्टरी १५ ते २० घनमीटर लाकूड, तर धूप झालेल्या जमिनीत ८ ते १२ घनमीटर लाकूड मिळू शकते, असे वनशास्त्रीय साहित्यात नोंदवलेले आहे. लाकडाचे उष्मांकमूल्य किलोमागे सुमारे ४,८०० किलोकॅलरी, म्हणजे सरपणासाठी उत्तम. तोडल्यानंतर बुंध्यापासून फुटवे मात्र निलगिरीप्रमाणे भरवशाचे येत नाहीत. ही उणीव लहान वाटली तरी हिशेबात ती मोठी आहे, कारण प्रत्येक तोडणीनंतर लागवडीचा खर्च नव्याने करावा लागतो.

बंगळुरूची चूल आणि कोलारची नाचणी

भारतात हा वृक्ष १९४६ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आणला गेला. कर्नाटकात त्याचा मोठा प्रसार झाला तो १९८० च्या दशकात, आणि त्याची कारणे समजून घेण्यासाठी बंगळुरूच्या चुलीकडे पाहावे लागते.

त्या काळी शहरातील गरीब कुटुंबांचे मुख्य इंधन जळाऊ लाकूड होते. भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य कुमार रेड्डी यांनी, ज्यांनी १९७४ मध्ये ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'अस्त्र' हे केंद्र सुरू केले, बंगळुरूच्या सरपणाचा अभ्यास करून ऊर्जेचा प्रश्न समाजाच्या स्तरांशी कसा निगडित आहे हे दाखवले. देशपातळीवर राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ च्या अहवालात सामाजिक वनीकरणाची शिफारस केली होती. शेतवनीकरण, विस्तार वनीकरण, अवनत वनांचे पुनर्वनीकरण आणि मनोरंजन वनीकरण असे त्याचे भाग आयोगाने मांडले. गावाच्या गरजा गावाच्या जमिनीवर भागाव्यात म्हणजे राखीव वनांवरील ताण घटेल, हे त्यामागील सूत्र होते. कर्नाटकात १९८३ च्या सुमारास जागतिक बँक आणि ब्रिटनच्या साहाय्याने सामाजिक वनीकरणाचा मोठा प्रकल्प सुरू झाला.

आरंभी निवड निलगिरीची झाली. कर्नाटकाला ती नवी नव्हती. बंगळुरूजवळच्या नंदी टेकडीवर ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून असल्याचे सांगितले जाते. शेजारच्या कोलार जिल्ह्यात शेतकऱ्यांनी नाचणीच्या शेतात निलगिरी लावली तेव्हा वादाला तोंड फुटले. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून १९८१ मध्ये वंदना शिवा, शरच्चंद्र आणि जयंत बंद्योपाध्याय यांचा कोलारच्या सामाजिक वनीकरणावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्नधान्याची जमीन आणि शेतमजुरांचे काम घटते, आणि लाकूड गावाच्या चुलीत न जाता कारखान्यात जाते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. वनशास्त्रज्ञांनी त्याचा प्रतिवाद केला. वाद दीर्घकाळ चालला, पण त्याचा एक व्यावहारिक परिणाम झाला : निलगिरीचे नाव बदनाम झाले. शासकीय जमिनीवर, विशेषतः जास्त पावसाच्या मलनाड आणि किनारी भागात, तिची जागा ऑस्ट्रेलियन बाभळीने घेतली. निलगिरी नत्र स्थिर करत नाही, ही करते. निलगिरीखाली जमीन उघडी दिसते, हिच्याखाली पानांचा थर असतो. आक्षेपांना उत्तर म्हणून झाड बदलले गेले. लाकूड कोणाचे आणि जमीन कोणाची, हे आक्षेपातील मूळ प्रश्न मात्र झाड बदलल्याने सुटणारे नव्हते.

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. १९३८ मधील वन संशोधन प्रयोगशाळेपासून तिची परंपरा सुरू होते आणि १९८८ मध्ये तिला स्वतंत्र संस्थेचे स्वरूप मिळाले. चंदनावरील कामासाठी ती विशेष प्रसिद्ध आहे. लागवडीच्या वृक्षांच्या लाकडाचे गुणधर्मही तेथे अभ्यासले जातात. ऑस्ट्रेलियन बाभळीचा गाभा तपकिरी, टणक व घासल्यावर सुबक दिसणारा असतो. शहरातील चूल गॅसवर गेली तशी या लाकडाची ओळख सरपणाकडून खांब, कागदाचा लगदा आणि फर्निचर यांकडे सरकली. ज्या गरजेसाठी झाड लावले ती गरजच पालटली, आणि झाड उभे राहिले.

राखणीचा खर्च आणि सवलतीचा दर

लागवड करणाऱ्या खात्याच्या दृष्टीने रोपाच्या किमतीपेक्षा ते जगवण्याचा खर्च मोठा असतो. कुंपण, चर, राखणदार आणि पहिली तीन-चार वर्षे मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे. जांभूळ, हिरडा किंवा किंजळ लावल्यास गुरे आणि शेळ्या प्रथम त्यांच्याकडे वळतात. ऑस्ट्रेलियन बाभूळ स्वतःची राखण स्वतः करते. मोजमाप जर 'किती हेक्टर लागवड, किती टक्के रोपे जिवंत' एवढेच असेल, तर अधिकाऱ्याने दुसरे झाड का निवडावे? त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्यासमोरचे लक्ष्य तपासावे.

दुसरे कारण सवलतीच्या दराचे, म्हणजे भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दराचे. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य १० टक्के दराने सुमारे ३८ रुपये ५५ पैसे होते. साठ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे मूल्य केवळ ३३ पैसे. याचा अर्थ, साठ वर्षांत पक्व होणाऱ्या देशी वृक्षाला दहा वर्षांच्या बाभळीशी बरोबरी करायची असेल, तर त्याचे लाकूड सुमारे ११७ पट मोलाचे असले पाहिजे. तेवढे मोल शिसवीलाही येणार नाही. दर ४ टक्के धरला तर हे प्रमाण ११७ वरून सुमारे ७ पटीवर येते आणि मग साग, शिसव, बीजा यांचा विचार होऊ शकतो. (या गणितात बाभळीची एकच पाळी धरली आहे. साठ वर्षांत तिच्या सहा पाळ्या होतात. तो विचार करून इष्ट तोडणीकाळ काढण्याची रीत जर्मन वनतज्ज्ञ मार्टिन फॉस्टमन यांनी १८४९ मध्ये मांडली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती मुळातून पाहावी.)

या गणितात काय नाही, हेही पाहावे. चारा, पालापाचोळ्याचे खत, मध, औषधी फळे, झऱ्याचे पाणी यांना बाजारात भाव नाही किंवा अल्प आहे. म्हणून ते शून्य धरले जातात. किमतीचा अभाव म्हणजे मूल्याचा अभाव नव्हे, हे तत्त्व परीक्षेत प्रत्येक जण लिहितो. प्रकल्पाच्या तक्त्यात मात्र तो रकाना रिकामाच असतो.

गायरान कोणाचे?

कर्नाटकात गुरचरणीच्या जमिनीला गोमाळ म्हणतात. आपल्याकडील गायरान तेच. उत्तर कन्नडमधील सुपारी बागायतदारांना पालापाचोळ्यासाठी राखून दिलेल्या वनजमिनींना सोप्पिन बेट्ट म्हणतात, आणि सुपारीच्या बागेचे खत तेथूनच येते. या जमिनी कागदोपत्री पडीक दिसत असल्या तरी त्यांच्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. न. सु. जोधा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, कर्नाटक व महाराष्ट्रासह सात राज्यांतील कोरडवाहू गावांच्या अभ्यासात हे दाखवले, की सामूहिक संसाधनांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचे महत्त्व श्रीमंत कुटुंबांपेक्षा गरीब कुटुंबांसाठी कितीतरी अधिक असते. अशा जमिनीवर गुरे न खाणारे, खत म्हणून लवकर न कुजणारे झाड लावले, तर एकूण हिरवळ वाढूनही गरिबाचे उत्पन्न घटू शकते. उपग्रहाच्या चित्रात दोन्ही हिरवेच दिसते.

या प्रश्नावर कर्नाटकात मोठा लढा झाला. १९८४ मध्ये राज्याच्या वन विकास महामंडळाने हरिहर पॉलिफायबर्स या कंपनीबरोबर 'कर्नाटक पल्पवूड' ही संयुक्त कंपनी स्थापन केली. लगद्याच्या लाकडासाठी तिला सुमारे ३० हजार हेक्टर जमीन द्यायची होती. त्यातील पुष्कळशी जमीन गावकरी वापरत होते. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाचे एस. आर. हिरेमठ आणि ज्येष्ठ कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हानगल तालुक्यातील कुसनूर येथे गावकऱ्यांनी 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा, असा सत्याग्रह केला : निलगिरीची रोपे उपटली आणि त्यांच्या जागी लोकोपयोगी झाडे लावली. १९९१ मध्ये ही कंपनी गुंडाळण्यात आली. तेथील झाड निलगिरी होते, ऑस्ट्रेलियन बाभूळ नव्हे. पण प्रश्न त्याच जमिनीचा होता.

दरम्यान १९८८ चे राष्ट्रीय वन धोरण आले. परीक्षार्थी त्यातील ३३ टक्के वनाच्छादनाचे उद्दिष्ट पाठ करतात. त्याच धोरणात असेही म्हटले आहे की, तज्ज्ञांच्या दीर्घकालीन चाचण्यांतून स्थानिक वनस्पती आणि पर्यावरणावर प्रतिकूल परिणाम होत नाही हे सिद्ध झाल्याखेरीज विदेशी वृक्षजाती आणू नयेत. औद्योगिक गरजेपेक्षा स्थानिकांच्या सरपण-चाऱ्याच्या गरजेला अग्रक्रम देण्याचेही त्यात नमूद आहे. धोरण झाल्यानंतरही ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड चालूच राहिली. १९९० च्या दशकात ब्रिटनच्या साहाय्याने चाललेल्या पश्चिम घाट वनीकरण प्रकल्पात ग्राम वन समित्या स्थापन झाल्या, निर्णयात गावाला वाटा मिळाला; तरी उत्तर कन्नडमधील संयुक्त वन व्यवस्थापनाच्या लागवडीत प्राबल्य याच वृक्षाचे राहिले. काही गावांना ते सोयीचेही वाटले, कारण लाकूडविक्रीतला हिस्सा लवकर हाती येणार होता. म्हणून लोकसहभाग आला की देशी झाडे आपोआप येतात, असे समजण्याचे कारण नाही. सवलतीचा दर गावालाही असतो, आणि गरिबाचा दर सहसा अधिक असतो.

दुसरी बाजू

या वृक्षाला केवळ खलनायक ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी काढून टाकलेल्या मातीचे ढीग आहेत. त्यांत सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र नाही आणि पावसाळ्यात ती माती वाहून शेतात व नदीत जाते. अशा ढिगांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ तगली आणि मातीला आधार मिळाला. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये १९७० च्या दशकापासून धूप झालेल्या लाल पठारावर वनीकरण झाले. तेथे या झाडाला 'कामकरी झाड' म्हणतात. प्रथम तिची सावली आणि पालापाचोळा निर्माण करायचा, मग त्या आडोशाला स्थानिक शुष्क सदाहरित वनातील जाती लावायच्या आणि पुढे बाभूळ विरळ करत न्यायची, अशी ही पद्धत. अल्पायुषी असणे येथे गुणच ठरतो. एकच झाड गोव्याच्या ढिगावर, ऑरोव्हिलच्या पठारावर आणि मलनाडच्या जिवंत गवताळ टेकडीवर लावणे, या तीन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

'विदेशी' आणि 'आक्रमक' हे शब्दही वेगळे ठेवावेत. बंगळुरूची शोभा बऱ्याच अंशी विदेशी वृक्षांची आहे. १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आलेले उद्यानतज्ज्ञ गुस्ताव हर्मन क्रुम्बिगेल यांनी वर्षभर पाळीपाळीने कोठे ना कोठे बहर राहील अशा वृक्षयोजनेची परंपरा शहराला दिली. मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेतील जकरंडा विदेशीच आहेत, पण ते कोणाच्या गायरानावर चालून जात नाहीत. जी जाती लावल्याशिवाय पसरते आणि स्थानिक जातींना हटवते ती आक्रमक. अमेरिकेतील फ्लोरिडात ऑस्ट्रेलियन बाभूळ आक्रमक म्हणून नोंदवलेली आहे. तिच्या नात्यातील काळी वॉटल, अकेशिया मर्नझी, टॅनिनसाठी निलगिरी पर्वतात लावली गेली आणि तेथील गवताळ कुरणांत व शोलांच्या कडेला घुसली. दक्षिण आफ्रिकेत हाच उपद्रव झाल्यावर १९९५ मध्ये 'वर्किंग फॉर वॉटर' हा कार्यक्रम सुरू झाला. विदेशी झाडे काढल्याने नद्यांचे पाणी वाढावे आणि ते काम बेरोजगार गरिबांना मिळावे, अशी दुहेरी योजना त्यात होती. जैवविविधता कराराचे कलम ८ (ह), म्हणजे परक्या आक्रमक जातींविषयीचे, आणि कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्यातील सहावे लक्ष्य या संदर्भात वाचावे. २०२२ च्या या आराखड्यानुसार आक्रमक जातींच्या नव्या शिरकावाचा व स्थिरावण्याचा वेग २०३० पर्यंत निम्म्याने घटवायचा आहे.

शहरी नागरिकांचा या वृक्षावरचा नेहमीचा आक्षेप परागकणांमुळे होणाऱ्या दम्याचा असतो. त्याबाबत एक वनस्पतिशास्त्रीय तपशील सांगितला पाहिजे : या वृक्षाचे परागकण सुटे नसून १६-१६ च्या गुच्छांत असतात आणि परागीभवन प्रामुख्याने कीटक करतात. गवतांच्या हलक्या परागाइतके ते वाऱ्यावर दूर जात नाहीत. काहींना त्यांची ॲलर्जी असू शकते, पण धूर आणि धूळ यांचा वाटा विसरून सारा दोष झाडाला देणे योग्य नव्हे.

तोडल्यानंतर काय?

कर्नाटक शासनाने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियन बाभळीचा प्रश्न ऐरणीवर आला तो २०२० मध्ये. भद्रावतीच्या म्हैसूर पेपर मिल्सला १९८० मध्ये ४० वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या वनजमिनींची मुदत त्या वर्षी संपली. तोपर्यंत कारखान्यातील कागदाचे उत्पादन थांबलेले होते. तरीही पट्टा वाढवून देण्याचा निर्णय झाला आणि शिवमोग्गा जिल्ह्यात 'नम्मूरिगे अकेशिया बेड', म्हणजे 'आमच्या गावाला अकेशिया नको', ही मोहीम उभी राहिली. गावकऱ्यांची मागणी अशी की, त्या जमिनीवर पुन्हा नैसर्गिक वन येऊ द्यावे.

मागणी रास्त आहे, पण ती अमलात आणताना वृक्षाचे वनस्पतिशास्त्र पुन्हा आडवे येते. सर्व झाडे एकदम तोडली, तर मातीत पडून राहिलेल्या टणक बियांना ऊन आणि पहिला पाऊस मिळतो आणि बाभळीचीच रोपे दाट उगवतात. तोडीनंतर वाळका पालापाचोळा पेटला, तर उष्णतेने कवच फुटून उगवण आणखी वाढते. त्यामुळे झाडे टप्प्याटप्प्याने विरळ करणे, सावलीत आपोआप आलेली देशी रोपे राखणे, वणवा रोखणे आणि सलग अनेक पावसाळे बाभळीची कोवळी रोपे हाताने उपटणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. लाकूडविक्रीचे उत्पन्न पहिल्या वर्षी मिळते, उपटणीची मजुरी पुढची किमान पाच-सात वर्षे द्यावी लागते. त्यामुळे विक्रीची रक्कम सर्वसाधारण महसुलात जमा झाली, तर तिसऱ्या वर्षी मजुरीला पैसे उरत नाहीत. २०१६ च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याखालील २०१८ च्या नियमांत नैसर्गिक पुनरुत्पत्तीस साहाय्य आणि आग प्रतिबंध ही कामे अनुज्ञेय आहेत. बहुवार्षिक उपटणीचा खर्च त्यांत बसवायचा, की विक्रीतील ठरावीक हिस्सा ग्राम वन समितीच्या खात्यात बांधून ठेवायचा, हे आराखडा मंजूर होण्यापूर्वी, पहिले झाड तोडण्याआधी ठरवावे लागेल.